दोष सूताचा, दंड विणकराचा

गिरणगावात साचेखात्यातल्या, म्हणजे विणकाम खात्यातल्या, कामगाराला पगाराच्या दिवशी कधीकधी रोख पैशांऐवजी कापड मिळे. तेही डाग पडलेले, तार तुटलेले. ठाण खराब निघाले की ते त्याच्याच माथी मारायचे आणि किंमत मजुरीतून कापायची, ही मुंबईच्या गिरण्यांची जुनी रीत.

चूक मात्र बऱ्याचदा त्याची नसे. आखूड धाग्याचा स्वस्त कापूस मिसळला की सूत कच्चे निघते. खात्यातली हवा कोरडी पडली, तर ताण्याचे धागे पटापट तुटतात; म्हणून तर विणकामाला दमट हवा लागते. साचा झिजलेला असेल तर विचारायलाच नको. कापूस मालकाने घेतलेला, साचा मालकाचा, आणि दंड विणकराला! न्यायनिवाडा करणारेही वरचेच. कामगारांची भरती करणाऱ्या जॉबरशी वाकडे घ्यावे, तर उद्या कामावर घेईल की नाही याची धास्ती.

कामगार नेते ना. म. जोशी सदस्य असलेल्या, कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 मध्ये अशा कपातींवर कायदेशीर बंधन सुचवले. 1936 चा वेतन अदायगी कायदा त्यातून आला. कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय दंड नाही, आणि दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा. नुकसानभरपाईची कपातही कामगाराच्या हलगर्जीने झालेल्या नुकसानीपुरतीच. दंडाचे पैसेसुद्धा मालकाच्या खिशात जायचे नाहीत, कामगारांच्याच हितासाठी खर्चायचे.

ही साधी गोष्ट कागदावर यायला, मुंबईत पहिली गिरणी सुरू झाल्यापासून, 80 वर्षे लागली.