सोनी की नॅशनल?

परवा कपाट आवरताना एक छोटी व्हिडिओ कॅसेट सापडली. वर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, 'आई, सप्टेंबर ९८'. आणि ते सगळं भांडण आठवलं.

१९९८ साली मराठवाडा मुक्तीला पन्नास वर्षं झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. रझाकारांचा तो काळ आजीनं नांदेडात डोळ्यांनी पाहिलेला. तिच्या आठवणी टिपून ठेवाव्यात म्हणून बाबांनी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचं ठरवलं. झालं!

लातूरचे मामा म्हणाले, "दाजी, घ्यायचा तर सोनीच." कारण काय, तर त्यांच्याकडे आखातातून आलेला सोनीचा टू-इन-वन होता आणि तो कधीच बिघडला नव्हता. काकांचं म्हणणं, "दादा, लग्नाचे शूटिंगवाले काय वापरतेत बघ की. नॅशनल!" दोघांनीही कॅमेरा कधी हातात धरलेला नव्हता, हे सांगायला नकोच.

गंमत म्हणजे खरा प्रश्न कंपनीचा नव्हताच, कॅसेटचा होता. सोनीनं १९७५ साली बेटामॅक्स आणलं, जेव्हीसीनं १९७६ साली व्हीएचएस. ही जेव्हीसी तेव्हा नॅशनल-पॅनासॉनिकवाल्या मात्सुशिताच्याच छत्राखाली. बेटाच्या पहिल्या कॅसेटवर तासभर मावायचं, व्हीएचएसवर दोन तास. हळूहळू बाजार व्हीएचएसकडे गेला आणि १९८८ मध्ये खुद्द सोनीनंही व्हीएचएसचे व्हीसीआर काढले! कंपनीनं पक्ष बदलला, मामांनी नाही.

कॅमेऱ्यांतही तेच. व्हीएचएसचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, चांगला जड. पण त्यातली कॅसेट कुणाच्याही व्हीसीआरमध्ये चालायची. १९८५ पासून आठ मिलिमीटरची छोटी कॅसेट आली, कॅमेरे हलके झाले. पण ती व्हीसीआरमध्ये बसेना. कॅमेराच वायरनं टीव्हीला जोडायचा, नाहीतर व्हीएचएसवर कॉपी करून घ्यायची. वीस वर्षांनी ही लावायची कशात, हे आमच्या बैठकीत कुणीच विचारलं नाही.

शेवटी कंटाळून बाबांनी हलका कॅमेरा घेतला. कंपनी सांगत नाही, भांडण पुन्हा सुरू होईल! आजी दोन संध्याकाळी बोलली. कॉपी करायचं राहून गेलं. २००३ साली आजी गेली, पुढे कॅमेराही बंद पडला. २०१६ च्या मार्चमध्ये सोनीनं बेटाच्या कॅसेटी थांबवल्या आणि जुलैत जपानच्या फुनाईनं व्हीसीआर बनवणं बंद केलं. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही एकाच वर्षी गेले.

असो. ओळखीतल्या एकाकडे तसाच जुना कॅमेरा निघाला. कॅसेट लावली. चित्रावर नुसत्या रेघा, पण आवाज स्वच्छ. सुरुवातीला मामा आणि काका, अजून कॅमेऱ्यावरूनच. मग आजी, "तुमचं झालं असंल तर सांगू का मी?"

मामाही आता नाहीत. ते भांडणसुद्धा पुन्हा पुन्हा ऐकलं.

आता सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय, आणखी दोन ठिकाणी ठेवलंय. मंडळी, तुमच्याही माळ्यावर अशा कॅसेटी असतील. बुरशी लागायच्या आत एकदा बघाच.