माणूस जमिनीवर, ब्रश पाचव्या मजल्यावर: काचा धुण्यासाठी पाइप आणि पंप कंट्रोलर कसा निवडायचा?

कासारवाडीत जुन्या पुणे-मुंबई महामार्गाच्या कडेने काचेच्या इमारती वाढल्या आहेत. शेजारी भोसरी एमआयडीसी आहे, त्यामुळे धुळीला तोटा नाही. या काचा पुसायच्या म्हणजे शिडी, परांची किंवा दोराला लटकणारा माणूस, हे चित्र आपण नेहमी बघतो.

याला एक पर्याय आहे, वॉटर-फेड पोल. लांब, हलक्या काठीच्या टोकाला ब्रश असतो आणि काठीतून पाइपने पाणी वर जातं. काम करणारा जमिनीवरच उभा असतो. ब्रिटनमध्ये 2005 साली उंचीवरच्या कामाचे नियम कडक झाले आणि तिथे ही पद्धत चांगलीच रुजली. साधारण पाच-सहा मजल्यांपर्यंत ती चालते. त्याच्या वर दोर किंवा झुला लागतोच.

साधन घेताना सगळे आधी पोलची लांबी विचारतात. काम अडतं मात्र पाइप आणि पंपापाशी.

पाणी मोजून का वापरायचं?

या पद्धतीत काच पुसत नाहीत, धुऊन तशीच वाळू देतात. पाण्यात क्षार असतील तर पांढरे डाग उरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला मानला जातो. इथे मात्र तो 10 च्या खाली लागतो, शून्य असेल तर उत्तम. त्यासाठी आरओ आणि त्यानंतर डीआय रेझिन लागतं. आरओ म्हटलं की काही पाणी वाया जाणारच. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर 2019 मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला, तेव्हापासून इथल्या सोसायट्यांना पाण्याचा हिशोब वेगळा सांगावा लागत नाही.

मिनिटाला 2 लिटर पाणी सोडलं तर सहा तासांत 720 लिटर लागतं. तेच काम सव्वा लिटरवर भागलं तर 450. हा फरक ठरवतो पंपाचा कंट्रोलर. पण त्याच्याआधी पाइप बघू.

6 मिमी की 8 मिमी?

महत्त्वाचा असतो पाइपचा आतला व्यास. पाइप जितका बारीक आणि लांब, तितका पाण्याला अडथळा जास्त. मिनिटाला 2 लिटर पाणी 100 मीटर लांब, आतून 6 मिमीच्या पाइपमधून न्यायचं तर फक्त घर्षणात अंदाजे पावणेचार बार दाब खर्च होतो. आतून 8 मिमी असेल तर जेमतेम 1 बार. त्यात दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार मिळवायचा. या कामाचे छोटे पंप बहुतेक वेळा 7 बारच्या आसपास बंद होतात. म्हणजे 6 मिमीवर गणित जमतं, पण काठावर.

मग थेट अर्धा इंची पाइप का नको? कारण वजन. 100 मीटर अर्धा इंची पाइपमध्ये 12 किलोच्या आसपास नुसतं पाणी असतं आणि ते दिवसभर ओढत फिरायचं असतं. 8 मिमीमध्ये ते 5 किलो, 6 मिमीमध्ये 3 किलोहून कमी. एखाद्या शोरूमसाठी 30-40 मीटर पुरत असेल तर 6 मिमी घ्यावा. आवार मोठं असेल तर 8 मिमी.

एक नेहमीची फसगत: घरच्या आरओची 'पाव इंची' नळी. तो पाव इंच बाहेरून मोजलेला असतो, आतून ती 4 मिमीच्या आसपासच असते. लांब अंतराला ती निरुपयोगी.

साधा पीव्हीसी पाइप स्वस्त असतो, पण एप्रिलच्या उन्हात डांबरावर तो मऊ पडतो, दुमडतो आणि पाणी तुटतं. आत जाळी असलेला पाइप थोडा महाग असला तरी परवडतो.

कंट्रोलर नेमकं काय करतो?

पंप असतो 12 व्होल्टचा डायफ्राम पंप, शेतातल्या बॅटरीवरच्या फवारणी पंपात असतो त्याच जातीचा. कंट्रोलर नसेल तर तो पूर्ण वेगाने पळतो. नळ बंद केला की प्रेशर स्विचमुळे टक-टक करत चालू-बंद होत राहतो आणि स्विच लवकर खराब होतो.

कंट्रोलर पंपाचा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे पाणी आणि बॅटरी दोन्ही वाचतात. दुसरं काम अडथळा ओळखण्याचं, ज्याला 'डेड एंड' म्हणतात. नळ बंद झाला की मोटरवर भार येतो, ती जास्त करंट ओढते. कंट्रोलर ते ओळखून पंप थांबवतो. बॅटरी फार उतरली तरी थांबवतो.

ही मर्यादा नीट लावावी लागते. फार कमी ठेवली तर नळ उघडा असतानाही पंप बंद पडतो आणि सगळे पंपाला दोष देतात. फार जास्त ठेवली तर पाइप फुगतो, कपलर निसटतात. पाइप बदलला, लांबी वाढली, की पुन्हा कॅलिब्रेशन करायचं. वर पाणी कमी येतंय म्हणून वेग वाढवत नेणं हा उपाय नाही, कारण प्रवाह दुप्पट केला तर घर्षण तिप्पट-चौपट होतं. आधी पाइप कुठे दुमडलाय का आणि ब्रशची छिद्रं तुंबलीत का, ते बघावं.

कासारवाडीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. इथून पुणे-लोणावळा लोहमार्ग जातो आणि मेट्रोही. दोन्हींच्या तारांत 25 हजार व्होल्टचा प्रवाह असतो. कार्बन फायबरच्या पोलमधून वीज वाहते आणि पोल ओला असतो. अशा तारा किंवा महावितरणच्या उघड्या तारा पोलच्या टप्प्यात येत असतील, तिथे हा पोल उभाच करायचा नाही.