हेडलाइट का गेला? कार्बाइडपासून एलईडीपर्यंतची गोष्ट

हा एपिसोड रात्री गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी हेडफोन काढा. घरी पोचा, मग ऐका. असं का म्हणतोय ते दोन मिनिटांत कळेल.

डिसेंबरमधली गोष्ट. अंबडहून जालन्याला येत होतो. रात्रीचे साडेनऊ, कडाक्याची थंडी, उसाचा हंगाम. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे टूरिंग बाइक असो की मोपेड, आपला रस्ता जुनाच. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि हेडलाइट गेला. इंजिन चालू, हॉर्न चालू, समोर मात्र काळोख. डावा इंडिकेटर देऊन अंदाजाने ब्रेक दाबत कडेला येत होतो. त्या लुकलुकत्या पिवळ्या उजेडात दिसलं, की दहा-बारा फुटांवर उसाची ट्रॉली उभी आहे. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. थांबलो कसाबसा. पाय लटपटत होते.

डिकीत स्पेअर बल्ब होता. मोबाइलचा टॉर्च दातात धरून बदलला. तोही लागेना. शेवटी एक पिकअपवाले दादा थांबले, म्हणाले, "माझ्या मागं मागं ये हळूहळू." त्यांच्या उजेडात जालन्यापर्यंत आलो.

सकाळी आमच्या चाचांच्या गॅरेजमध्ये गेलो. मी सुरू केलं, "चाचा, बल्ब बदलला तरी..." ते म्हणाले, "बेटा, बल्बपर्यंत करंट येतोय का, ते बघितलं का आधी?"

नव्हतं बघितलं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांना 'आधी लॉग बघा' सांगणारा मी, रस्त्यावर थेट शेवटचा भाग बदलून मोकळा झालो होतो. तिथून माझ्या डोक्यात हा एपिसोड सुरू झाला. हेडलाइटचा इतिहास बघितला की त्याचा बिघाड शोधायची पद्धतही आपोआप समजते, कारण प्रत्येक काळाचा बिघाड वेगळा होता.

सुरुवात विजेने झालीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारसायकलींवर कार्बाइडचे दिवे असायचे. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरतात ना, तेच कॅल्शियम कार्बाइड. वरच्या डबीतून त्यावर थेंब थेंब पाणी पडायचं, अ‍ॅसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि त्याची ज्योत आरशासमोर जळायची. दिवा गेला तर तपासायच्या गोष्टी तीन: पाणी संपलं का, कार्बाइड संपलं का, वायूचं तोंड काजळीने बंद झालं का. सगळं डोळ्यांना दिसणारं.

मग आला डायनॅमो, आणि बिघाड डोळ्यांना दिसेनासा झाला. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, पुढे म्हैसूरहून जावा आणि १९७३ पासून येझदी आली. या गाड्या बरीच वर्षं ६ व्होल्टवर चालल्या. आमच्या मोठ्या काकांकडे जुनी बुलेट होती. ते अजून सांगतात, "रात्री आम्ही रस्ता बघून नाही, रस्ता आठवून गाडी चालवायचो." आम्ही हसायचो. पण त्यामागे साधं गणित आहे.

३० वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर चालवायचा तर ५ अँपिअर करंट लागतो. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर चालवायला जेमतेम ३. आता समजा जुनी वायर, गंजलेला स्विच, सैल जोड मिळून ०.२ ओहमचा अडथळा आहे. ६ व्होल्टच्या गाडीत त्या वाटेतच १ व्होल्ट खर्च होतो, म्हणजे सहावा हिस्सा. १२ व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट, म्हणजे विसावा हिस्सा. आणि खरी मेख पुढे आहे. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड ३० टक्के घटतो. या हिशेबाने काकांच्या बुलेटचा उजेड जवळपास निम्मा रस्त्यावर पडायच्या आधीच संपत होता.

पण त्या बुलेटकडे एक गोष्ट होती जी आज बहुतेक गाड्यांवर नाही. हेडलाइटच्या वरच अँपिअर मीटर. दिवा लावला की काटा उणेकडे झुकायचा, इंजिनला वेग दिला की अधिककडे यायचा. वेग देऊनही काटा उणेतच राहिला तर समजायचं, चार्जिंग होत नाही. म्हणजे गाडीचा लॉग कायम डोळ्यांसमोर.

स्कूटरची तऱ्हा निराळी. १९७२ मध्ये चेतक आली. जुन्या चेतकचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, थेट मॅग्नेटोवर चालायचा. एक्सिलेटर पिळला की उजेड, सोडला की अंधार. म्हणून घाटात, वळणावर, नेमका वेग कमी करायचा तिथेच दिसायचं बंद. जुनी माणसं क्लच दाबून इंजिन का गुरगुरवायची, ते आत्ता कळलं? आवाज करायची हौस नव्हती, समोरचं दिसावं म्हणून.

तिकडे युरोपात १९६२ साली हॅलोजन हेडलाइट आला आणि १९७१ मध्ये एच-फोर बल्ब. एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्पर आणि डिप्पर दोन्ही. आपल्याकडे तो मोठ्या दुचाकींपर्यंत यायला वेळ लागला, पण १२ व्होल्ट आणि हॅलोजन आल्यावर काकांची तक्रार मिटली.

मग १ एप्रिल २०१७. नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागलाच पाहिजे, असा नियम झाला. समोरच्याला आपण दिसावं हा हेतू. आठवतंय, सुरुवातीला समोरून येणारा प्रत्येक जण हाताची मूठ उघडझाप करून 'लाइट चालू आहे' सांगायचा? ती खूण आता जवळजवळ संपली.

सगळ्यात शेवटी एलईडी. निळा एलईडी १९९० च्या दशकात जमला आणि त्याच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. करंट कमी, आयुष्य जास्त. पण बिघडला तर बहुतेक वेळा आतलं सर्किट गेलेलं असतं आणि रस्त्यावर करण्यासारखं फारसं काही नसतं.

आता परत गॅरेजमध्ये. चाचांनी दोन वायरी जोडलेला टेस्ट बल्ब घेतला आणि बॅटरीपासून सुरुवात केली. फ्यूज ठीक. स्विच ठीक. होल्डर काढला, तर प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं आणि पिन सैल. खड्डा फक्त निमित्त होता.

"किती वॅटचा टाकलाय?"

मी गप्प. वर्षभरापूर्वी मीच हौसेने १०० वॅटचा बल्ब टाकला होता, मूळ वायरिंगवरच. करंट आठ अँपिअरच्या वर. मघाचाच ०.२ ओहम धरला तर वायर आणि होल्डरमध्ये १४ वॅट उष्णता. रोज रात्री मीच तो होल्डर भाजत होतो. चाचा एवढंच म्हणाले, "आणि समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाला काय दिसत असेल, त्याचा विचार केला का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी सिरॅमिकचा होल्डर बसवला, बॅटरीवरून रिले घेऊन जाड वायर टाकली आणि कंपनीच्या मापाचा ६०/५५ वॅटचा बल्ब लावला. उजेड आधीपेक्षा चांगला पडतो, कारण आता व्होल्टेज बल्बपर्यंत पोचतं.

तुमच्यासाठी चाचांचा क्रम सांगतो. आधी फ्यूज. मग मल्टिमीटरने बॅटरी: इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. पंधराच्या वर जात असेल आणि बल्ब सारखे उडत असतील तर रेग्युलेटर-रेक्टिफायर बघा. हँडल वळवल्यावर उजेड लुकलुकला तर हँडलच्या मानेपाशी वायर तुटत आलीय. उजेड नुसता मंद असेल तर अर्थिंगचा जोड घासून घट्ट करा. बल्ब सगळ्यात शेवटी, आणि हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने काच तडकते.

परवा काकांना घेऊन त्याच रस्त्याने अंबडला जाऊन आलो. येताना अंधार पडला होता. ती ट्रॉली उभी होती ती जागा मी त्यांना दाखवली. ते मागे बसून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डिप्पर दे, समोरून कोणीतरी येतंय."

तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या पहिल्या गाडीचा उजेड कसा होता. आलेली उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो. तोपर्यंत, सांभाळून चालवा.