राखीगढीतील प्राचीन डीएनए

हरियाणाच्या हिसार जिल्ह्यातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरील एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेला जनुकसंच. उत्खननाचे नेतृत्व पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांनी केले. उष्ण हवामानात हाडांतील डीएनए लवकर नष्ट होतो. म्हणूनच तपासलेल्या 61 नमुन्यांपैकी कामाचा ठरला तो एकच. कानाजवळच्या अतिशय घट्ट अस्थीतून तो मिळाला. निष्कर्ष 2019 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नीरज राय, वाघीश नरसिंहन आणि डेव्हिड राइक हे सहलेखकांपैकी होत.

तंतुकणिकेतील (मायटोकॉन्ड्रिया) डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. त्याची लांबी सुमारे 16,569 आधारजोड्यांची, म्हणजे केंद्रकातील डीएनएच्या मानाने नगण्य; पण पेशीत त्याच्या प्रती पुष्कळ असल्याने जुन्या हाडांत तो टिकण्याची शक्यता अधिक. या स्त्रीची मातृशाखा यू2बी2 निघाली. ही शाखा आजही दक्षिण आशियात आढळते. अर्थात मातृशाखा म्हणजे असंख्य पूर्वजांतील एकच धागा. त्यावरून सगळी वंशावळ मांडता येत नाही. त्यासाठी केंद्रकातील डीएनए पाहावा लागला. त्यात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील (स्टेप) पशुपालकांचा वंशांश आढळला नाही. आर्यांचे आगमन याच पशुपालकांशी जोडले जाते.

आर्य स्थलांतर झालेच नाही, असा अर्थ यातून काढला गेला, तो घाईचा होय. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये आलेल्या व्यापक अभ्यासाने तो वंशांश दक्षिण आशियात इ.स.पू. 2000 ते 1500 च्या सुमारास, म्हणजे हडप्पा नगरांच्या ऱ्हासानंतर, आल्याचे दाखवले.