सेल्फ, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स : जुळणीचे शास्त्र

निरनिराळ्या गाड्यांचे भाग एकत्र करून बांधलेले इंजिन चाकावर उभे राहते ते त्याच्या पाठीमागच्या काही इंचांच्या बळावर. फ्लायव्हील, क्लच, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स आणि सेल्फ यांचा मेळ तेथेच बसतो किंवा फसतो. हा मेळ कसा तपासावा, याविषयी.

वडोदऱ्याच्या मध्यवस्तीतील खंडेराव मार्केटची देखणी इमारत महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ मध्ये उभारली आणि घराण्यातील खंडेराव महाराजांचे नाव तिला दिले. आज तेथे महापालिकेचे मुख्यालय आहे. ही इमारत उभी राहिली त्या काळात पेट्रोलवर चालणारी मोटार सुरू करण्याचा सर्वसाधारण मार्ग एकच होता : पुढच्या बाजूने हँडल घालून ते हाताने फिरवायचे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडत असे. विजेवर चालणारी स्टार्टर मोटर, म्हणजे आपल्याकडील गॅरेजांच्या भाषेतला ‘सेल्फ’, चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर ती ग्राहकांपर्यंत पोहोचली. हाताचे काम विजेवर गेले. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि सेल्फ यांना एकाच मापात बांधण्याचे नवे काम त्यासोबत आले.

कॅडिलॅक ज्या जनरल मोटर्स समूहाची, त्याच समूहाचा कारखाना पुढे वडोदऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटरवरील हालोल येथे आला. १९९६ मध्ये तेथून ओपेल अ‍ॅस्ट्रा बाहेर पडली, नंतर शेवरोलेच्या गाड्या निघाल्या. २०१७ मध्ये या समूहाने तेथील उत्पादन थांबवले आणि कारखाना एमजी मोटरकडे गेला. जुन्या गाड्यांची हौसही या शहराला परकी नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा गाड्यांचे जतन करणाऱ्यांपुढे, तसेच जुन्या जीपमध्ये दुसरे इंजिन बसवणाऱ्यांपुढे, एक प्रश्न हमखास उभा राहतो : मूळ भाग मिळत नाही, मग दुसऱ्या गाडीचा कोणता भाग चालेल?

नावावर विसंबू नये

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इंजिनाच्या नावावरून शोधले जाते आणि तेथेच चूक होते. एका कारखान्यातून जसेच्या तसे आलेल्या इंजिनाचे नाव सांगितले की त्याचे फ्लायव्हील, क्लच आणि सेल्फ कोणते, हे पुस्तकात सापडते. परंतु ब्लॉक एका गाडीचा, क्रँकशाफ्ट दुसऱ्या वर्षीचा आणि गिअरबॉक्स तिसरीकडून आणलेला असेल, तर त्या इंजिनाचे नाव केवळ ब्लॉकची ओळख सांगते. उरलेल्या भागांची ओळख मोजमापावरूनच पटवावी लागते.

जनरल मोटर्सच्याच शेवरोले ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनाचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. हालोलशी त्याचा संबंध नाही. ते अमेरिकेत १९५५ मध्ये आले आणि हौशी बांधणीकारांनी जगभर वापरले. या इंजिनावर दोन आकारांची फ्लायव्हील बसतात. एकाचा व्यास सुमारे १२¾ इंच आणि दाते १५३. दुसऱ्याचा व्यास सुमारे १४ इंच आणि दाते १६८. दात्यांच्या संख्येला व्यासाने भागले तर दोन्हींचे उत्तर १२ येते. म्हणजे दात्यांची जाडी आणि त्यांतील अंतर सारखे, आणि सेल्फच्या पुढच्या टोकाचे छोटे चाक, म्हणजे पिनियन, दोन्हींच्या दात्यांत बसते. असे असूनही एकाचा सेल्फ दुसऱ्याला चालत नाही. मोठ्या चाकाची त्रिज्या ⅝ इंचाने, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटरने, जास्त असल्यामुळे पिनियन तितकेच बाहेर सरकवावे लागते. त्यासाठी सेल्फच्या तोंडाची ओतीव घडणच वेगळी असते : १५३ दात्यांसाठी बोल्टची दोन भोके सरळ ओळीत, तर १६८ दात्यांसाठी तिरकस. दाते जुळले म्हणून सेल्फ जुळला असे होत नाही; दाते, व्यास आणि बोल्टची भोके ही तिन्ही जुळावी लागतात.

क्रँकशाफ्टचे टोक आणि तोल

फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावर बोल्टने आवळलेले असते. येथे दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, बोल्टच्या भोकांचे वर्तुळ. शेवरोलेच्या याच इंजिनात १९८५ पर्यंत ते ३.५८ इंचांचे होते. १९८६ पासून मागचे ऑइल सील अखंड झाले आणि वर्तुळ ३ इंचांवर आले. ही विसंगती निदान डोळ्यांना दिसते, कारण बोल्ट जातच नाहीत.

दुसरी गोष्ट दिसत नाही आणि म्हणूनच अधिक घातक आहे. काही क्रँकशाफ्टचा तोल त्यांच्या स्वतःच्या वजनातच साधलेला असतो. काहींचा तोल पूर्ण करण्यासाठी फ्लायव्हीलवर एका बाजूला जादा वजन ठेवलेले असते. स्मॉल ब्लॉकच्या ४०० घनइंची इंजिनात पुढे आणि मागे दोन्हीकडे असे वजन लागते. १९८६ नंतरच्या अखंड सीलच्या इंजिनांत ते फक्त मागे लागते. वजनाचे फ्लायव्हील बिनवजनी क्रँकशाफ्टला लावले, किंवा याच्या उलट केले, तरी बोल्ट बसतात, इंजिन सुरू होते आणि गाडी चालतेही. वेग वाढला की मात्र थरथर सुरू होते आणि काही दिवसांत बेअरिंगे बळी पडतात. म्हणून बदललेल्या फ्लायव्हीलसह क्रँकशाफ्टचा तोल यंत्रावर तपासून घेण्याचा खर्च हा वायफळ खर्च नव्हे.

बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधील घंटेच्या आकाराचे आवरण म्हणजे बेल हाउसिंग. मूळ जोडी नसेल तर मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट घालण्याची पद्धत आहे. ही प्लेट भोके जुळवते; पण तिच्या जाडीइतका गिअरबॉक्स मागे सरकतो, याकडे दुर्लक्ष होते. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टमधील पायलट बेअरिंगमध्ये पुरेसे शिरले पाहिजे. ते आखूड पडले तर शाफ्ट अधांतरी डोलतो आणि गिअरबॉक्सचे पहिले बेअरिंग लवकर जाते. लांब झाले तर बोल्ट आवळताना तो क्रँकशाफ्टला पुढे रेटतो. हाताने ढकलून न बसणारा गिअरबॉक्स बोल्टच्या जोरावर ओढून बसवणे हे यामुळेच निषिद्ध मानले जाते.

क्लच प्लेटच्या मध्यभागातील खाचा शाफ्टवरील खाचांशी जुळाव्या लागतात. येथेही व्यास पुरेसा नाही. जनरल मोटर्सच्याच गिअरबॉक्सांत १⅛ इंच व्यासाचे शाफ्ट १० खाचांचेही आहेत आणि २६ खाचांचेही. त्यामुळे क्लच प्लेट गिअरबॉक्सप्रमाणे निवडायची आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलप्रमाणे, हा नियम लक्षात ठेवावा.

शेवटची तपासणी मध्यबिंदूची. क्रँकशाफ्टवर डायल गेज बसवून ते बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेने पूर्ण फिरवतात. काट्याची एकूण हालचाल सर्वसाधारणपणे ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, यापेक्षा अधिक नसावी. अधिक असेल तर विकेंद्री डॉवेल पिना वापरून आवरण सरकवता येते. हे टाळल्यास क्लच नीट सुटत नाही, गिअर अडतात, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर जड फ्लायव्हीलच्या जागी पातळ फ्लेक्सप्लेट येते. टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण मागे ढकलल्यावर त्याच्यात आणि फ्लेक्सप्लेटमध्ये सुमारे ३ ते ५ मिलिमीटर फट उरावी. फट मुळीच नसेल तर गिअरबॉक्सच्या आतला तेलाचा पंप पहिल्याच दिवशी फुटू शकतो.

सेल्फ : शेवटी निवडायचा भाग

फ्लायव्हील आणि बेल हाउसिंग ठरल्याखेरीज सेल्फ ठरवता येत नाही. तो इंजिनाच्या ब्लॉकवर बसतो की बेल हाउसिंगवर, पुढून की मागून, यावर त्याची फिरण्याची दिशाही अवलंबून असते. होंडाच्या काही जुन्या इंजिनांची दिशा तर इतरांच्या उलट आहे.

पिनियनला ९ दाते आणि फ्लायव्हीलला १५३ असतील तर सेल्फच्या १७ फेऱ्यांत इंजिनाची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवायचे तर पिनियन ३,४०० फेऱ्यांनी फिरते. इंजिन सुरू होऊन १,००० फेऱ्यांवर गेले आणि पिनियन बाहेर पडले नाही, तर त्याला १७,००० फेऱ्यांचा वेग सोसावा लागेल. हा धोका टाळण्यासाठी पिनियनमागे एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. गॅरेजांत या सबंध जुळणीला ‘बेंडिक्स’ म्हणतात. दात्यांची फट चुकली की पहिला आघात याच भागावर होतो.

पिनियनच्या दात्याचे टोक आणि फ्लायव्हीलच्या दोन दात्यांमधील तळ यांत साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर फट हवी. जाडी मोजून घेतलेली तार त्या जागी घालून ती तपासता येते. आवाजही पुष्कळ सांगतो. इंजिन सुरू होण्याआधी, सेल्फ फिरत असतानाच तीव्र किणकिण आली तर फट जास्त आहे. इंजिन सुरू झाल्यावर किल्ली सोडताना आली तर फट कमी आहे. ब्लॉकला खालून आवळल्या जाणाऱ्या सेल्फमध्ये पातळ पत्र्याचे शिम घालून फट वाढवता येते. मात्र शिमांची थप्पी लावावी लागत असेल, तर सेल्फच चुकीचा निवडला आहे असे समजावे.

फ्लायव्हीलचे दाते समोरासमोरच्या दोनच ठिकाणी झिजलेले दिसले तर गोंधळून जाऊ नये. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा त्याच दोन स्थितींत थांबते, म्हणून पिनियन तेथेच आदळते. अशा वेळी संपूर्ण फ्लायव्हील टाकून देण्याची गरज नसते; दात्यांची कडी तापवून नवी बसवता येते.

सेल्फ रेंगाळला तर तो खोलण्याआधी तारा पाहाव्यात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याला चासीशी जोडणारी स्वतंत्र अर्थिंगची पट्टी लागते, आणि नव्या बांधणीत नेमकी तीच राहून जाते. गोव्यासारख्या किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत तिची टोकेही लवकर गंजतात. इंजिन फिरवताना बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब साडेनऊच्या खाली जात असेल तर दोष सेल्फपेक्षा बॅटरीत किंवा जोडण्यांत असण्याची शक्यता अधिक.

संपूर्ण संच आणि कायदा

हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्यात अ‍ॅम्बेसेडरचेच १,४८९ सीसीचे इंजिन होते. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले, आणि त्यासोबत पाच गिअरचा गिअरबॉक्सही. कारखान्याने इंजिन बदलताना पाठीमागची जुळणीही बदलली, यात हौशी बांधणीकारासाठी सरळ धडा आहे. भंगार बाजारातून इंजिन आणायचे तर फ्लायव्हील, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स आणि सेल्फ यांसह एकाच गाडीचे आणावे. सुटे इंजिन स्वस्त मिळते. वाचलेले पैसे पुढे लेथवाल्याकडे जातात.

तांत्रिक जुळणी साधली तरी कायदेशीर जुळणी उरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधोरेखित केली. त्यामुळे इंजिनाला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे चौकशी आवश्यक आहे. जुन्या गाड्यांच्या मालकांनी तर दुप्पट सावध राहावे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. चालत नाही म्हणून काढून टाकलेले मूळ इंजिन हाच त्या गाडीचा सर्वांत मोलाचा भाग ठरू शकतो.

बांधणी पूर्ण झाल्यावर दात्यांची संख्या, फ्लायव्हीलचा व्यास, तोलाचा प्रकार, क्लचच्या खाचा, ब्लॉक आणि गिअरबॉक्सवरील ओतीव क्रमांक आणि सेल्फ कोणत्या गाडीचा, एवढ्या नोंदी कागदावर करून त्या गाडीच्या कागदपत्रांत ठेवाव्यात. दहा वर्षांनी सेल्फ बिघडेल तेव्हा त्या इंजिनासाठी दुसरे कोणतेही माहितीपुस्तक उपलब्ध नसेल.