वाहनचोरीची शिक्षा खरंच वाढली का?

'वाहनचोरीची शिक्षा कडक झाली, त्यावर संशोधन करायचंय,' असं म्हणत असाल, तर आधी थांबा. शिक्षा वाढली कोणत्या कलमात आणि कोणासाठी?

समजा, दौंड तालुक्यातल्या कासुर्डीत, पुणे-सोलापूर महामार्गालगत, दोन मोटारसायकली उभ्या आहेत. एक कॉलेजला जाणाऱ्या पोराची. दुसरीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवलेले. रात्रीत दोन्ही गेल्या. गुन्हा एकच का?

१८६० च्या भारतीय दंड संहितेत उत्तर सोपं होतं. कलम ३७९ नुसार कोंबडी चोरा नाहीतर मोटार, कैद कमाल ३ वर्षं. कलम ३८० मध्ये ७ वर्षं होती, पण ती घर, तंबू किंवा जहाजात केलेल्या चोरीसाठी. म्हणजे काय चोरलं यापेक्षा कुठून चोरलं, हे महत्त्वाचं.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम ३०३(२) मध्ये पहिल्या चोरीला कमाल ३ वर्षंच राहिली. पुन्हा दोषी ठरल्यास किमान १, कमाल ५ वर्षं सक्तमजुरी. पण कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी वाहतुकीसाठी वापरलं जाणारं वाहन चोरल्यास ७ वर्षांपर्यंत कैद आली. आता सांगा, दुधाची मोटारसायकल कुठे बसवाल?

चोर १६ वर्षांचा असेल तर? १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यात अल्पवयीन मुलाला कैदेऐवजी फटके देता येत. ते १९५५ मध्ये बंद झाले. आजच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात चोरीसाठी १८ वर्षांखालच्या मुलाला तुरुंग नाही. विशेष गृहात जास्तीत जास्त ३ वर्षं. मात्र कमाल ३ वर्षं कैदेचा गुन्हा 'किरकोळ' धरतात, आणि त्याची चौकशी ४ महिने व वाढीव २ महिन्यांत आटोपली नाही, तर प्रकरण तिथेच संपतं. ७ वर्षांच्या गुन्ह्याला ही सवलत नाही.

बघा, दुधाच्या कॅनमुळे एखाद्या पोराच्या डोक्यावरची टांगती तलवार किती लांबू शकते!

म्हणून फिर्याद वाचताना कलमाच्या आकड्यावर थांबू नका. वाहन कशासाठी वापरात होतं आणि आरोपीचं वय काय, हेही टिपून ठेवा. 'शिक्षा वाढली' हा निष्कर्ष असू शकतो; तो गृहीत धरून सुरुवात केलीत, तर शोधायला उरणार काय?