धाब्याचे घर व हिवाळ्यातील ऊब

जाड भिंतींचे व मातीच्या सपाट छपराचे, दख्खनच्या पठारावरील कमी पावसाच्या भागातील पारंपरिक घर म्हणजे धाब्याचे घर. त्यास माळवद असेही म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके या प्रदेशात मोडतात. येथील उन्हाळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; थंडीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः निरभ्र आकाश व कोरडी हवा यांमुळे डिसेंबर-जानेवारीत जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने आकाशात उत्सर्जित होते. पुणे शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १·७° से. इतके उतरले होते.

थंडीपासून निवाऱ्याचा जुना पुरावा याच जिल्ह्यातील इनामगाव (ता. शिरूर) येथे मिळतो. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. कुडाच्या ठेंगण्या भिंतींच्या चौकोनी घरांत अग्निकुंडे आढळली; काही निवारे जमिनीत खड्डा खोदून केलेले होते. जमिनीखालचे तापमान ऋतूनुसार फारसे बदलत नाही, हा अनुभव त्यामागे असावा.

धाब्याच्या घरात हेच तत्त्व जमिनीवर आणलेले दिसते. दगड-मातीच्या भिंतींची जाडी अर्ध्या मीटरहून अधिक असते. तुळयांवर लाकडी पाट, त्यांवर काटक्या-पाल्याचा थर व सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी छपराची रचना असते. गावठाणाला ‘पांढरी’ व शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याचा प्रघात सर्वश्रुत आहे. काळी माती पाण्याने फुगून उन्हाने भेगाळते, म्हणून छपराला ती चालत नाही. दिवसभर तापलेल्या जाड भिंतीतून उष्णता आत पोचण्यास दहा-बारा तास लागतात. त्यामुळे दुपारचे ऊन घरातल्या माणसाला मध्यरात्री मिळते. खिडक्या जवळजवळ नसतात. उजेड व धूर यांसाठी छपरात ठेवलेल्या झरोक्यास साणे म्हणतात. थंडीच्या रात्री ते झाकून घेत. एका बाजूस बांधलेल्या जनावरांच्या अंगची ऊबही घराला मिळे. धूर, गोचीड व कोंदट हवा ही त्या उबेची किंमत होती, आणि चुलीजवळ बसणाऱ्या स्त्रियांनी ती सर्वांत अधिक मोजली, हे अशा घरांच्या गुणवर्णनात सहसा सांगितले जात नाही.

दिवाळीच्या सुमारास घराची डागडुजी होई. भिंतींच्या भेगा शेणमातीने लिंपणे, जमीन सारवणे, दाराच्या फटींत चिंध्या बसविणे व वाकळा उन्हात टाकणे ही कामे बहुधा स्त्रियांची. पांघरुणास धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीचे घोंगडे असे. सणगर विणकर ते खड्ड्याच्या मागावर विणीत व चिंचोक्याची खळ देऊन घट्ट करीत.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले आणि पुढे ऊस पसरला. १९३० नंतरच्या दशकात कळंबच्या परिसरात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने साखर कारखाना उभारला. त्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव मिळाले. बागायतीच्या पैशाबरोबर विटा, सिमेंट व पन्हाळी पत्रे खेड्यांत आले. पत्र्याचे छप्पर हलके, टिकाऊ आणि दरवर्षी माती घालण्याच्या कष्टांतून सोडविणारे. पण उष्णता अडविण्याची त्याची शक्ती जवळजवळ शून्य. रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेहूनही थंड होतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूने दव ठिबकते.

मातीच्या छपरावरील विश्वासास मोठा धक्का ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे बसला. किल्लारी (जि. लातूर) येथील भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुतेक मातीच्या वजनदार छपरांखाली व दगडी भिंतींखाली झोपेत सापडली. ज्या जाडीने ऊब दिली तिनेच जीव घेतला. चिरेबंदी जोड नसलेल्या, केवळ मातीत रचलेल्या भिंती हे त्याचे मुख्य कारण होते. तथापि लोकांनी दोष सबंध माळवदाला दिला, आणि ते स्वाभाविकच होते.

स्लॅबच्या पातळ भिंतींच्या घरांत व सदनिकांत आज उपाय निराळे आहेत. पत्र्याखाली बांबूचे तट्टे बसवून मध्ये हवेचा थर ठेवणे, पत्रा व भिंत यांमधील फट बुजविणे, दक्षिणेकडील खिडकी दिवसा उघडी ठेवून सूर्यास्तापूर्वी जाड पडद्याने झाकणे, फरशीवर सतरंजी अंथरणे यांनी खर्च थोडा होऊन फरक जाणवतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे मात्र प्राणघातक ठरते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो. माळवदाच्या साण्यातून निघून जाणारा हा वायू घट्ट खिडक्यांच्या खोलीत साचतो.

याच प्रदेशात सर्वांत थंड निवारा ऊसतोड कामगारांचा आहे. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून गाळपाच्या हंगामात आलेली कुटुंबे बांबूचे तट्टे, पाचट व प्लॅस्टिक यांच्या कोपीत ऐन हिवाळा काढतात. पाचट उष्णतारोधक म्हणून उत्तम आहे, परंतु कोपीत त्याचा थर विरळ असतो व शेकोटीची ठिणगी त्याला सहज लागते. म्हणून शेकोटी कोपीबाहेर पेटवितात, आणि पहाटे फडावर निघण्यापूर्वी सारी टोळी तिच्याभोवती बसते.